थांबलेली कीड

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्रपाळी,
एका वेळी चार माग बघतो मी.
धागा तुटला की आधी कानाला कळतं,
डोळ्याला मागाहून.
पण हंसूच्या वरच्या दोन दातांत काय तुटत होतं
ते वर्षभर मला ऐकू आलं नाही.

बाटली तोंडात धरूनच झोपायची ती.
दुधात दोन चमचे साखर.
पद्मा म्हणायची, झोपू दे,
माझ्या अजून तीनशे विड्या राहिल्यात.
मीही म्हणायचो, झोपू दे.
आमचं एकमत व्हायचं ते एवढ्यावरच.

मग तिनं कडक भाकरी सोडली.
मग माठातल्या पाण्याला रडली.
शेजारचा नरसय्या म्हणाला,
दुधाचेच तर आहेत, पडतील की.
गेल्या उन्हाळ्यात त्याच्याच पोराचा गाल सुजून
चार दिवस सिव्हिलमध्ये काढले,
ते तो विसरला होता.
मी डबा पोचवायचो. मी कसा विसरू.

विजापूर वेस. बागवानबाईंचा दवाखाना, वरचा मजला.
जिन्यातच आतली घर्रघर्र कानावर आली,
आणि मागांच्या खडखडाटात गाढ झोपणारी माझी लेक
माझ्या पॅन्टला धरून ताठ झाली.

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलंच नाही.
म्हणाल्या, समोर बसा, गुडघ्याला गुडघा लावा.
तिचे पाय तुमच्याकडे, डोकं माझ्या मांडीवर.
बाळंतघरात पोरं न्हाऊ घालतात
तशी आडवी झाली हंसू, छताकडे बघत.

कोरायचं नाही, म्हणाल्या. सुई नाही.
चांदीचं औषध आहे, फ्लोराइड घातलेलं,
एक थेंब लावायचा.
पण आधी ऐकून घ्या:
किडलेली जागा काळी पडेल.
पार काळी. आणि काळीच राहील.
काळी पडून टणक झाली म्हणजे कीड थांबली.

पद्मा तोवर गप्प होती.
पुढचे दात आहेत हो, म्हणाली. मुलगी आहे.
बाई म्हणाल्या,
मुलगी आहे म्हणून दुखतं का कमी?
मग बराच वेळ नुसता पंखा.
पद्मानं पदरानं हंसूची हनुवटी पुसली,
गालावर सकाळी तिनंच लावलेलं तीट होतं,
तिथं बोट थांबलं तिचं.
लावा, म्हणाली. एक बाहेर आहे, दोन आत.

ओठांना व्हॅसलीन, कापसाचे बोळे,
काडेपेटीतल्या काडीएवढा ब्रश.
मिनिटभर धरा, म्हणाल्या.
मी साठ आकडे तेलुगूत मोजले.
घाबरलो की मला मराठीत मोजता येत नाही.
हंसू एवढंच म्हणाली, चव लोखंडाची आहे.
तिला लोखंडाची चव कुठून माहीत, देव जाणे.

माझ्या अंगठ्यालाही थेंब लागला होता.
दुसऱ्या दिवशी तो काळा.
मुकादम म्हणाला, कुठलं मतदान झालं रे?
मी म्हटलं, घरचं.

बाटलीत आता नुसतं पाणी.
तीन रात्री तिनं गल्ली जागवली,
चौथ्या रात्री नरसय्यानं भिंत ठोकली,
पाचव्या रात्री ती झोपली.
लग्नात माझी बहीण सगळ्यांसमोर म्हणाली,
अगं बाई, पोरीचे दात बघा.
पद्मा काही बोलली नाही,
हंसूच्या ताटात एक कडक भाकरी वाढली.
कडाकडा मोडली तिनं. सगळ्यांनी ऐकली.

सहा महिन्यांनी बाईंनी परत ब्रश फिरवला,
आधी सळईनं हळूच टोचून बघितलं.
टक् वाजलं.
तो आवाज मला लगेच कळला.
मागच्या दाढांना पिवळा चिकट लेप दिला,
आज रात्री घासू नका, म्हणाल्या.
हंसूला एवढी एकच सूचना आवडली.

काल तिनं विचारलं,
हे दात पडले की
चांदी बाईंना परत द्यायची का?
पद्मा विड्या मोजत होती.
आकडा चुकला तिचा.
हसत हसत तिनं परत एकपासून सुरू केलं.